माहेरच्या दुधीचा डीएनए

धामणगाव बढे, ४ मे १९६९
अंघोळीचं पाणी तापवायला भिंतीवरच्या गोवऱ्या खरवडून काढल्या. त्या गोवऱ्या नव्हत्या. सोजरामामीने शेणात थापून ठेवलेलं बी होतं. डावीकडे तिच्या माहेरचा गोड दुधी, उजवीकडे मामाच्या एकतारीसाठीचा कडू भोपळा. आता दोन्ही एका टोपल्यात. शालिग्राममामाचं म्हणणं, पेरणीच्या आत वेगळं करून दे, नाहीतर मेहकरला शेषरावच्या पिठाच्या गिरणीवर जा. मी, आणि गिरणीवर.

५ मे
भज्याच्या कागदावर मार्ग सापडला. प्रत्येक जिवात डीएनए असतो, आईबापाचे गुण त्यात. परदेशात करंट सोडून तो ओळखतात, कणभर असला तरी सुई हलते. पुढचा मजकूर तेलात गेला. हरकत नाही, मुद्दा कळला. उद्या पहाटे उठणे.

६ मे, दुपार
उठलो नाही. ऊन फार.

१२ मे
मीटर आणायला मलकापूरला गेलो होतो. तंबूत सिनेमा लागलेला. पुन्हा पुन्हा पाहावा लागला, गोष्ट गुंतागुंतीची. शेवटी रेडिओवाल्याने एक जुना मीटर दिला, बला टळावी म्हणून.

१४ मे
यंत्र तयार. मामाच्या टॉर्चचे सेल, तांब्याची तार, मीटर. बी खलबत्त्यात कुटायचं, मिठाच्या पाण्यात कालवायचं, तारा बुडवायच्या. सुई हलली. म्हणजे गोड. कडू असतं तर कशाला हललं असतं?
मामा टॉर्च शोधून राह्यला. संशोधनात गुप्तता लागते.

१५ मे
नुसतं मिठाचं पाणी तपासलं. सुई तेवढीच हलली. म्हणजे आपल्या विहिरीतही डीएनए आहे. परदेशात हे कोणाला ठाऊक नसणार.

१९ मे
एका बियावरून दुसऱ्याचं ठरवणं शास्त्रात बसत नाही. म्हणून सगळं टोपलं तपासून काढलं. निकाल: एकूण एक बी गोड. मामीला बोलावून अभिमानाने सांगितलं. तिने बी कुठे आहे विचारलं. मी खलबत्ता दाखवला. तिने त्यातला चुरा बोटांनी चाळून पाहिला.
"सारं गोड निंघालं म्हणतं," ती म्हणाली. "मंग आता पेरू काय इंद्रभान, तुह्यं डोक्सं?"
मामीला विज्ञानाची दृष्टी नाही. रात्री जेवली नाही, ते मात्र बरं वाटलं नाही.

मेहकर, २२ मे
इथे तात्पुरता आलो आहे. मामाने आधीच निरोप पाठवलेला दिसतो. शेषराव मला चक्कीपाशी उभं करून म्हणे, "शालिग्रामभाऊ सांगत होते, पोराले दुसरं काही येत नाही, पण कुटून-दळून मागं दाणा ठेवत नाही."