पेत्राच्या सासूचा मुक्काम

आदरणीय मामांस,

प्रभूच्या नावात भाच्याचा सलाम. (तोंडाने उलट सलाम करू नका, डॉक्टरांनी बोलायला बंदी केली आहे. नुसती मान हलवलीत तरी मला पोचला.) घसा कसा आहे? गुळण्या करता ना? आईने बजावून लिहायला सांगितलंय की तिथल्या नर्सबाई कितीही भाविक असल्या तरी त्यांना हातवाऱ्यांनी प्रवचन देऊ नका, खांदा भरून येईल. इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. खरं विचाराल तर माझं लग्न अडकलंय. कुठे अडकलंय तेही सांगतो: आपल्या प्रार्थनामंदिराच्या दाराशी, डाव्या हाताला, शंकेच्या खुंटीवर.

ती खुंटी तुम्ही विसरला असाल, कारण तुमच्या कारकिर्दीत ती कायम रिकामी होती. तुमच्या आधीच्या कुठल्याशा पाळकांनी एका भलत्याच नवरदेवाकडे बघून व्यासपीठावरून म्हटलं होतं, की शंका लटकत असताना मी लग्न लावणार नाही. त्यांना त्या एका माणसाबद्दल म्हणायचं होतं. पण आपली कमिटी ती कमिटीच! तिने लगेच दाराशी खुंटी ठोकली आणि नियम केला, की मंडळीतल्या कोणाचीही शास्त्राबद्दलची शंका चिठ्ठीवर लिहून या खुंटीला लटकलेली असेल, तर ती फिटेपर्यंत कोणाचंही लग्न लागणार नाही. तुम्ही असताना काय, चिठ्ठी लटकायच्या आत तुमचं उत्तर यायचं, आणि तुमच्या त्या आवाजापुढे पुन्हा शंका विचारायची कोणाची छाती नव्हती. आता तो आवाज बसला, आणि बसला तो नेमका माझ्या लग्नाच्या तोंडावर. जाताना तुम्ही मला, तुमचा भाचा म्हणून आणि माझं चष्म्याचं दुकान मंदिराच्या फाटकाला लागून आहे म्हणून, शंकानिरसनाला बसवून गेलात. पाटीवर लिहून दिलंत, कोणी काही विचारलं तर एवढंच सांग: ‘पाळक आल्यावर सांगतील.’ मामा, उपदेश सोन्यासारखा होता. पण पाळक येईपर्यंत चिठ्ठी लटकणार, आणि चिठ्ठी लटकली की मी लटकणार! म्हणून मी उत्तरं द्यायला लागलो. इथून पुढे जे झालं त्यात माझा दोष नाही असं मला वाटतं. (आईला तसं वाटत नाही.)

पहिला प्रश्न आला तो नोहाच्या तारवात जनावरं किती-किती होती हा. मी एका गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्मा टेकवता टेकवता म्हटलं, त्यात काय, जोडी-जोडी. तर दुसऱ्या दिवशी चिठ्ठी परत खुंटीवर! खाली बारीक अक्षरात लिहिलेलं, पुढचा अध्याय वाचायचे कष्ट घ्यावेत. घेतले. सहाव्या अध्यायात जोडी-जोडी आहे हो, पण सातव्यात शुद्ध जनावरं सात-सात घ्यायला सांगितली आहेत. मी तसं जाहीर केल्यावर कमिटीत दोन तट पडले, जोडीवाले आणि सातवाले, आणि त्यांनी एकमेकांशी चक्क बोलणं सोडलं. खजिनदार जोडीवाला, चिटणीस सातवाला, त्यामुळे दोन बैठका नुसत्या खाणाखुणांवर झाल्या. शेवटी तुमच्या होणाऱ्या भाचेसुनेने मिटवलं. ती जनावरांच्या दवाखान्यात काम करते हे तुम्हाला ठाऊकच आहे. ती म्हणाली, किती होती ते राहू द्या, त्या सगळ्यांच्या खालचं साफ कोण करत होतं ते आधी सांगा. त्यावर दोन्ही तटांनी एकदम विषय बदलला, कारण ते काम आपल्यावर येईल की काय अशी दोघांनाही धास्ती वाटली.

मग फळाचं प्रकरण. हव्वेने कोणतं फळ खाल्लं? मी बेधडक सांगितलं, सफरचंद. पुन्हा चिठ्ठी परत. वाचून बघतो तर शास्त्रात नुसतं ‘फळ’ आहे, सफरचंदाचं नावसुद्धा नाही! ते मागाहून चित्रकारांनी आणि लोकांनी हव्वेच्या हातात दिलं म्हणतात. मी चूक कबूल केली, तर फाटकाबाहेरचा फळवाला रडत रडत माझ्या गळ्यात पडला. इतकी वर्षं उपासनेहून निघालेली माणसं त्याच्या गाडीकडे वाकडं का बघायची ते आता त्याला कळलं म्हणे. त्याने गाडीवर ‘निर्दोष सफरचंदे’ अशी पाटी लावली आहे आणि रोज मला एक निर्दोष सफरचंद खायला लावतो. लगोलग बाळ येशूला भेटी घेऊन आलेल्या पूर्वेकडच्या ज्ञानी लोकांचा प्रश्न आला. तेही तीन होते असं कुठेच लिहिलेलं नाही, भेटी तीन प्रकारच्या होत्या एवढंच. आता सभागृहातल्या तसबिरीत तर तिघंच आहेत! अध्यक्षांनी ठराव करून घेतला, की बाकीचे चौकटीच्या बाहेर उभे आहेत असं मानावं. तेव्हापासून तसबिरीच्या उजव्या बाजूला कोणी खुर्ची टाकत नाही, त्यांना अडचण नको म्हणून. गायनमास्तरांनी विचारलं, आदामाच्या मुलाला, काइनाला, बायको कुठे मिळाली? मी दोन संध्याकाळी खपून उत्तर तयार केलं, की नाव-गाव दिलेलं नाही, पण आदामाला आणखी मुलं-मुली झाल्या असं लिहिलंय, तेव्हा ती त्यांच्यातलीच असावी असं पुष्कळ जण मानतात. मास्तरांचा चेहरा पडला. बिचारे स्वतःसाठी स्थळ शोधताहेत, त्यांना वाटलं अजून एखादं गाव बघायचं राहिलंय.

असो. या सगळ्या चिठ्ठ्या (मास्तरांची सोडून) कोणाच्या होत्या म्हणता? माझ्या होणाऱ्या सासूबाईंच्या! तुम्ही त्यांना ओळखताच, सगळं गाव त्यांना चौकशीबाई म्हणतं. जन्मभर बसस्थानकाच्या चौकशीच्या खिडकीत बसून लोकांच्या प्रश्नांना उत्तरं दिली, आता निवृत्त होऊन सगळं उट्टं माझ्यावर काढताहेत. मी तिला (म्हणजे तुमच्या भाचेसुनेला) स्पष्ट विचारलं, तुझ्या आईला मी पसंत नाही का? ती म्हणाली, पसंत आहेस, आई तुझी वाटेल तिथे तारीफ करते, पण हल्ली घरात एकटीच खिडकीशी बसून असते, विचारलं तर म्हणते, बसायची सवय आहे मला. मला हे काही समजलं नाही. पसंत आहे तर लग्न लागू द्या ना!

आणि आता मुख्य शंका, जिने माझी झोप उडवली आहे. प्रभूचा शिष्य पेत्र, त्याची सासू. मार्काच्या शुभवर्तमानात पहिल्याच अध्यायात ती तापाने पडली आहे, प्रभू तिचा हात धरून उठवतो, ताप जातो आणि ती उठून सगळ्यांची सेवा करू लागते. सरळ गोष्ट आहे. पण चिठ्ठीत काय? ‘सासू पेत्राच्या घरी कशी?’ मी म्हटलं, पाहुणी आली असेल. सासूबाई दुकानात येऊन समोरच्या स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, पाहुणी होती असं लिहिलंय का? नाही लिहिलेलं. मग म्हटलं, राहत असेल तिथेच. तर म्हणे, पेत्राने आपणहून बोलावलं की तिने विचारलं? मी म्हटलं, तिनेच विचारलं असेल. तर एकदम लाल झाल्या आणि म्हणाल्या, ती मरेल पण विचारणार नाही! मामा, शास्त्रातल्या एका तापकरी बाईचा स्वभाव यांना इतका खात्रीने कसा काय ठाऊक?

बरं, एवढ्यावर थांबतील तर शपथ. पेत्राची स्वतःची आई त्या घरात होती का? दोघी म्हाताऱ्यांचं पटायचं का? उठल्याबरोबर ती कामाला लागली ती आनंदाने, की बसून खाते असं कोणी म्हणू नये म्हणून? मी डोळे तपासायच्या तक्त्यासमोर त्यांना बसवलं, म्हटलं निदान तेवढा वेळ गप्प राहतील. तर शेवटची ओळ घडाघडा वाचून दाखवली आणि विचारलं, तुमच्या माडीचा जिना फार उभा आहे का हो? हे आणि कुठून निघालं कोण जाणे. मी म्हटलं, जिना ठीक आहे, पण माडीवरची खोली मामांची, तिथे त्यांच्या टीकाग्रंथांच्या पेट्या आहेत, पाय ठेवायला जागा नाही. हो का, म्हणाल्या, आणि चष्मा न घेताच निघून गेल्या. मला त्यांची दया आली. या वयात माणसाचं चित्त असं भरकटतं, या विषयावरून त्या विषयावर.

तर मामा, आपल्या थोर विद्वत्तेला एकच विनंती. पेत्राची सासू त्याच्या घरी का राहत होती, हे अध्याय आणि ओवीनिशी उलट टपाली कळवावं. माडीवरच्या सगळ्या पेट्या मी उपसल्या. पेत्रावर ढीगभर लिहिलंय, सासूवर कोणी दोन ओळी खर्च केल्या नाहीत. पुढच्या महिन्यातली तारीख ठरली आहे. हॉल सांगून झालाय, नवरीचा पोशाख शिवून झालाय, गायनमास्तर उदास असूनही गाणी बसवताहेत. फक्त ती चिठ्ठी वाऱ्याने हलते आहे. प्रकृतीस जपावं.

आपला आज्ञाधारक (पाटीवरची आज्ञा सोडून)
भाचा

ता. क. पत्र पाकिटात घालण्याआधी आईला वाचून दाखवलं. पेत्राच्या सासूपाशी आल्यावर तिने कपाळावर हात मारला. म्हणाली, अरे गाढवा, गावाला नजर विकत बसतोस आणि समोर बसलेली बाई तुला दिसत नाही? ती पेत्राचं विचारत नाहीये! मला समजायला तरीही थोडा वेळ लागला. समजल्यावर मी चप्पल न घालताच निघालो.

आणखी ता. क. जाऊन आलो. सासूबाई खरंच खिडकीशी बसल्या होत्या. मी म्हटलं, पेत्राने आपणहून बोलावलं होतं. त्या म्हणाल्या, कशावरून? मी म्हटलं, माझ्यावरून. मग म्हणाल्या, मला काय करायचंय, मी इथे बरी आहे. मी म्हटलं, माडीच्या खोलीला खिडकी आहे, रस्त्यावरची, खाली माझं दुकान आहे, दिवसभर लोक काही ना काही विचारायला येतात. तेव्हा कुठे पदराने डोळे पुसले आणि स्वतः जाऊन खुंटीवरची चिठ्ठी काढली. मामा, मला फार बरं वाटलं. आणि वर मलाच ओरडल्या, अनवाणी काय आलात!

अगदी शेवटची ता. क. तर आता अध्याय-ओवी काही नको. तुमच्या पेट्या दुकानात हलवतो, तेवढी परवानगी द्या. पेट्यांबरोबर तुमची खाटही हलवावी लागेल. इथपर्यंत सगळं आनंदात ठरलं होतं. पण आत्ताच आई प्रार्थनामंदिरात जाऊन आली, आणि खुंटीवर तिच्या अक्षरात नवी चिठ्ठी लटकली आहे: ‘शास्त्रात म्हटलं आहे, मनुष्याच्या पुत्राला डोकं टेकायला जागा नव्हती. माझा भाऊ परत आल्यावर कुठे टेकणार?’ कमिटीने शंका ग्राह्य धरली आहे. लग्न पुन्हा थांबलंय. मामा, लगेच उत्तर पाठवा, आणि कृपा करून या वेळी ‘पाळक आल्यावर सांगतील’ असं लिहू नका.