मुकादमाची जलसुरक्षा

३ एप्रिल
सासरेबुवा खुब्याच्या ऑपरेशनसाठी हॉस्पिटलात. त्यांचा कुत्रा आमच्याकडे. नाव मुकादम. म्हातारा झालाय, वजन विचारू नये. आल्या आल्या सगळं घर हुंगून तपासलं. मग माझ्या खुर्चीसमोर उभा राहून असं काही पाहिलं, की मी उठलो.

सासरेबुवांनी हिला बजावलंय म्हणे, की त्याला रोज तळ्यात पोहायला न्या, बाकी काही केलं नाहीत तरी चालेल. हिला बजावलं. मला नाही. विमा कंपनीत अर्धं आयुष्य धोके ओळखण्यात गेलं माझं, पण घरात विचारतो कोण!

संकल्प : उद्यापासून मुकादमाला मीच नेणार. शास्त्रशुद्ध.

४ एप्रिल
नेलं नाही. आधी अभ्यास. कुत्री पोहताना दमतात. गारठतात. हिरवा तवंग आलेलं पाणी पिऊन आजारी पडतात. भयंकर आहे सगळं. मुकादमाला याची काहीच कल्पना नाही. पट्टा तोंडात धरून दिवसभर दाराशी बसला होता.

ही विचारते, तुम्हाला स्वतःला पोहता येतं का? प्रश्न गैरलागू. आगीच्या बंबाचा साहेब काय स्वतः जळून बघतो?

६ एप्रिल
लाइफ जॅकेट आणलं. नारिंगी, पाठीवर उचलायला हँडल. मुकादमाच्या मानेपुढे सरकेना. दुकानदार म्हणाला, साहेब, माप कुत्र्याचं घ्यायचं असतं, अंदाजाचं नाही. मोठी साइज पुढच्या आठवड्यात. तोवर मुकादम त्यावर डोकं ठेवून झोपतो. म्हणजे अगदीच वाया गेलं नाही.

पर्यायी योजना : लांब दोरी. एक टोक त्याच्या गळपट्ट्याला, दुसरं माझ्या हातात. जाईल कुठे?

ही म्हणाली, पाण्यात दोरी नको, कशात तरी अडकेल. मी म्हटलं, दोरी म्हणजे कंट्रोल. ती नुसतं "बरं" म्हणाली. हिचं "बरं" मला आवडत नाही.

७ एप्रिल
शुभारंभ. पोटाला पाणी लागेपर्यंतच जाऊ दिलं. पुढे निघाला की खेचायचं. मोहीम फत्ते. घरी आल्यावर मुकादम भिंतीकडे तोंड करून बसला. चिंतन करत असावा.

८ एप्रिल
लंगडतोय. वय झालं. ही म्हणते, पोहला नाही की सांधे आखडतात त्याचे. योगायोग. तरी उद्या दोरी जरा सैल सोडून बघणार. ही पण येते म्हणाली. येऊ दे, कौतुकाला कुणीतरी लागतंच.

९ एप्रिल
लिहू की नको असं झालंय.

दोरी सैल सोडली. मुकादम पोहायला लागला. नुसतं डोकं वर, कान पाण्यावर पसरलेले, म्हातारपण कुठल्या कुठे पळालं. मीसुद्धा हसलो. मग तो वळला आणि पाण्यात पडलेल्या झाडाला वळसा घालून गेला. दोरी खालच्या फांदीत अडकली. डोकं खाली गेलं. वर आलं. परत गेलं.

मी ओढली. जीव खाऊन ओढली. ही ओरडत होती, सोडा! ओढू नका, सोडा म्हणते ना! ऐकू येत होतं. ओढलं की तो खाली जातोय, हेही दिसत होतं. पण हात सुटेनात. माझे हात, आणि माझं ऐकेनात.

शेवटी हिने माझ्या बोटांतून दोरी हिसकावली, टाकली, आणि कपड्यांनिशी पाण्यात शिरली. ती पोहते हे ठाऊक होतं. अशी पोहते हे नव्हतं. गळपट्ट्याचा हूक काढला, तशी दोघं शेजारी शेजारी पोहत काठाला आली. मुकादम खोकत होता. मी चिखलात बसकण मारलेली. ही मुकादमाची पाठ थोपटत राहिली. "मी म्हटलं होतं" एवढंसुद्धा म्हणाली नाही. म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं. धोका नाही म्हणाल्या. दोरीची कल्पना कुणाची, असंही विचारलं. मी भिंतीवरचा मांजरांच्या लसींचा तक्ता वाचत होतो.

१० एप्रिल
शांत डोक्याने विचार केला. चूक झाडाची. तळं ज्यांच्या ताब्यात आहे त्यांना कडक पत्र लिहिणार.

१५ एप्रिल
पत्र राहिलं. जेवल्यावर डोळा लागतो.

पण मोठी बातमी! मुकादमाला पाण्याची भीती बसली! तळ्याच्या रस्त्याला लागलो की जमिनीवर अंग टाकतो. बिस्किट दाखवलं तरी हलत नाही. धोका मुळापासून संपला. लाइफ जॅकेटचीही गरज नाही.

संध्याकाळी हॉस्पिटलात जाऊन सासरेबुवांना आनंदाने सांगितलं. ते म्हणाले, जावईबापू, पाण्यात असतो तेवढाच वेळ त्याचं दुखत नाही हो. आणि खिडकीकडे तोंड केलं. मी सफरचंद कापून ठेवलं. कुणीच खाल्लं नाही.

१६ एप्रिल
पट्टा न घेता निघालो. चल बाबा, म्हटलं, तुला हवं तसं पोह, मी लांब उभा राहतो. वळणावर बसलाच. मीही शेजारी बसलो. म्हटलं, चूक झाली असेल माझी, थोडीफार. त्याने जांभई दिली. ऊन चढलं, तसे दोघं परत आलो. पुढे तो, मागे मी.

१७ एप्रिल, पहाटे
फाटक वाजलं म्हणून जाग आली. पलंगाची शेजारची बाजू रिकामी. खिडकीतून पाहिलं. ही आणि मुकादम आत येत होती. दोघंही नखशिखांत ओली. पायरीवर मुकादमाने अंग झाडलं, हिच्या तोंडावर पाणी उडालं आणि ही खळखळून हसली. तो लंगडत नव्हता.

किती दिवस चाललंय हे, विचारायला खाली जाणार होतो. तेवढ्यात मुकादमाने वर पाहिलं. शेपूट हलायची थांबली.

मी पडदा ओढला आणि झोपेचं सोंग घेतलं.