जर्मन पत्रात घुसडलेलं वाक्य

३ मार्च, सोमवार
पुन्हा मीच! कोल्हापुरात जर्मन येणारा दुसरा कोणी नाही काय? असतीलच — पण ते जर्मनीत.
हॉस्पिटलचे अध्यक्ष बाळासो यांनी चहा पाजून काम गळ्यात घातलं. वर्षभरात नऊ नर्सा सोडून गेल्या. 'सर, जर्मनीतल्या एखाद्या मोठ्या हॉस्पिटलला पत्र लिहून विचारा की, पोरी टिकवायच्या कशा! आम्ही सत्कार केला, फेटे बांधले, तरी पळत्यात!'
मी जर्मन शिकलो ती तिथल्या पंडितांचे वेदांवरचे ग्रंथ वाचायला. आता त्याच भाषेत ड्यूटीचा तक्ता विचारायचा. नाहीही म्हणता येत नाही. थोरली बहीण आक्का आठवड्यातून तीनदा त्यांच्याच डायलिसिसच्या खाटेवर.

५ मार्च, बुधवार
आक्काचे चार तास. नर्स दीक्षा असली की सुई पहिल्या फटक्यात. दुसरी कोणी असली की बहिणीचा हात निळा. 'ही पोरगी हाय म्हणून मी हाय,' आक्का म्हणते. दमलोय. खुर्चीवर बसून माणूस एवढा दमतो!

१० मार्च, सोमवार
जर्मनीहून ईमेलनं उत्तर आलं. आक्काला खाटेशी बसून वाचून दाखवलं. तिथल्या मुख्य नर्सबाई सविस्तर लिहितात. ड्यूटीचा तक्ता सहा आठवडे आधी लागतो. सुट्टीवरच्या नर्सला कोणी फोन करत नाही. दर तीन महिन्यांनी प्रत्येकीला विचारतात — तुला सोडून जावंसं कशामुळे वाटेल?
आमच्याकडे हे विचारतात ती गेल्यावर. तेही चिडून.

१२ मार्च, बुधवार
दीक्षानं जिन्यात गाठलं. नेसरीच्या सरकारी दवाखान्यात तिची नेमणूक झालीय. आई आणि चार वर्षांची मुलगी तिथंच. पंधरा दिवसांतून एकदा भेट. वीस तारखेच्या आत हजर व्हायचं, मूळ दाखले घेऊन. दाखले बाळासोंच्या कपाटात! नोकरीला लागताना सगळ्यांचेच काढून घेतात. दोनदा मागितले, 'बघू की' म्हणाले.
मग पाठ केल्यासारखं विचारलं, 'सर, त्या जर्मन बाई दाखले ठेवून घेतात काय हो?'
बाईंनी त्यावर काही लिहिलेलं नाही. त्यांना सुचलंच नसेल!
'बघतो' म्हणालो. मीही! डोळ्यांपुढे आक्काचा हात.

१३ मार्च, गुरुवार
भाषांतर एका वाक्यावर अडलंय. वाक्य मुळात नाही.

१५ मार्च, शनिवार
तीस वर्षं मुलांना प्रक्षिप्त श्लोक ओळखायला शिकवलं — मागाहून कुणीतरी घुसडलेले. आज स्वतः एक घुसडला. 'आम्ही कोणाचेही मूळ दाखले अडकवून ठेवत नाही.'
बाळासोंनी तक्ता हसून उडवला. 'सहा आठवडे? आमच्यात लग्नं तरी एवढी आधी ठरत्यात काय!' पण माझ्या वाक्यावर थांबले. 'जर्मन असं करत्यात? मग कायतरी असणारच की त्यात.'
परदेशातून आलं की अपौरुषेय! कर्ता विचारायचा नाही.

१७ मार्च, सोमवार
बाळासोंनी कपाट उघडलं. अकरा जणी, अकरा फायली परत — त्याचाही सत्कार, फोटोसकट! दीक्षानं फाईल छातीशी धरली. माझ्याकडे बघितलं नाही. शहाणी आहे.

१९ मार्च, बुधवार
दीक्षा गेली. बाकी दहा आहेत, निदान आज तरी. बाळासोंनी कपाळाला हात लावला. 'सर, तुमच्या जर्मनीनं माझी सगळ्यांत चांगली पोरगी घालवली की!'
आक्काला कसं सांगू?

२१ मार्च, शुक्रवार
नवी मुलगी. सुई चौथ्यांदा बसली. आक्कानं दात आवळले होते. शेवटी बोललो — दीक्षा गेली ती माझ्यामुळं.
'गप, दत्ता. जर्मन बाईचं माझ्या भावाला विचार, असं मीच पढवून पाठवलेलं तिला. तू एकटाच शहाणा व्हय?'