दीपमालाच्या नावाचं शेत

२१ नोव्हेंबर २०१८, कारधा
ठरलं! बत्तीस वर्षं शाळेत घसा कोरडा करून घेतलेली दोन शेतं — एक प्रफुल्लला, एक दीपमालाला. मृत्युपत्र नको. मी गेल्यावर दोघं कागद फडकावत भांडतील, ते कोण पाहणार? जिवंतपणीच बक्षीसपत्र, माझ्या हाताने.

२२ नोव्हेंबर
प्रफुल्लला सांगितलं. "आई, दीपानं कधी मांगतलं काय? बहिणीले वाटा कोन देते?" म्हटलं, मी देते. दुपारी रागाने जेवला नाही. संध्याकाळी भूक लागली, मुकाट्याने जेवला.

२५ नोव्हेंबर
साकोलीला गेले, लेकीकडे. वाटलं होतं, गळ्यात पडेल. तर म्हणते, "मले नको, आई. वाटा घेतला का माहेर तुटते."
आमच्याकडची रीतच ही! दिवाळीनंतर मंडईच्या जत्रेला बहीण माहेरी येते, भाऊ साडी नेसवतो आणि दुसऱ्या दिवशी तहसीलला नेऊन हक्कसोडीवर सही घेतो. चिंधूदादासाठी मीही केली होती. मास्तरीण असून! साडी दोन वर्षांत विरली. स्वतःचीच चीड येते अजून.

२८ नोव्हेंबर
अर्जनवीस सेवकराम म्हणाला, "बाई, घेनारीची सही पायजेच. तिच्या सहीबिगर बक्षीसपत्र होत नाही." कागद तर तयार कर म्हटलं. घरी प्रफुल्ल खुशीत — "दीपाच नाही म्हनते ना? सोड मंग." माझंच पोरगं, पण दोन लावून द्याव्या वाटलं.
नाही सोडत.

१ डिसेंबर
फोन केला. पुन्हा नको म्हणाली. आवाज माहेर जपणारीचा वाटत नाही. घाबरल्यासारखा वाटतो.

४ डिसेंबर
कागद घेऊन पुन्हा साकोली. समोर बसवलं — काहून नको, खरं सांग! रडायलाच लागली. "मंडईले प्रतिक्षा आली होती. ह्यायच्यासाठी तिची हक्कसोडीवर सही मीच घेतली, आई. साडी बी मीच नेसवली. आता मीच वाटा घेतला त तिले काय तोंड दाखवू?"
प्रतिक्षा म्हणजे तिची नणंद. माझ्या लेकीने हे केलं! मग म्हटलं, लाव तिला फोन. आत्ता, माझ्यासमोर. आधी तिचं तिला परत, मग माझ्या कागदावर सही.
लेकीने डोळे पुसले. फोन हातात घेतला.