बिनवासाच्या मेणबत्त्या

खासगी बाजार, ग्वाल्हेर

प्रिय मंजिरी, इकडे मी ठीक आहे, तशीच तूही असशील.

पत्र्याचे साचे, सुती वाती, मेण वितळवायची शेगडी आणि तू राहायला येणार म्हणून केलेल्या दोन डझन मेणबत्त्या, सगळं माझ्या हातचं. कुणाकडे शिकायला गेलो नाही. सुवासाने तुला धाप लागते, म्हणून अत्तराचा थेंबही घातला नाही. खोलीत उदबत्तीसुद्धा लावत नाही.

तरी मेणबत्ती पेटवली की मोगऱ्याचा वास येतो. भांडं घासलं, मेण बदललं, वास तोच. काल घरमालकीण शालिनीताई दारातच थबकल्या. म्हणाल्या, "हा तर आमच्या उन्नतीचा गजरा! ह्याच खोलीत राहायची माझी पोरगी. देवाघरी गेली त्या दिवशीही माळला होता."

तू घाबरू नकोस. जेवण वेळेवर होतं, झोपायला मात्र कामावरच्या दुकानात जातो. तुझा खोकला कसा आहे? आपला केदार औषध आणून देतो ना? गाडीचं तिकीट इतक्यात काढू नका.

तुझाच,
महिपत

ता. क. मेणबत्त्या सगळ्या शालिनीताईंना देऊन टाकल्या. खोलीतला वास गेला नाही. मोगरा मी घातलेला नव्हता, म्हणून पैसे घेतले नाहीत. लेकीचा वास परत मिळाला म्हणून चाळीस हजार देत होत्या.