अनगोळच्या पिकअपचा पिवळा दिवा

...तर तो इंजिनचा पिवळा दिवा परत लागला, मामा. काल फोनवर तुम्ही “बरं, मग?” म्हणालासा आणि रेंज गेली, तिथनं पुढचं आता लिहूलालोय. नमस्कार मधेच ऱ्हायला, तो आत्ता घ्या. मामीला पण सांगा. मामीचा गुडघा बेंगळूरच्या थंडीत कसा हाय? तुमचा चष्मा अजून झाला न्हाय म्हणून हे पत्र दिपालीआक्का वाचून दाखवणार, म्हणून आक्का, कंसातलं तू मनातच वाच. (बाळ बरं हाय न्हवं? दात आले काय? मी बरा हाय. फक्त भात रोज उरतोय. मामीच्या मापानंच तांदूळ घालतोय, तीन माणसांचा.)

“इंग्लिश शाळेत शिकलेल्याला गाडीतलं काय कळतंय,” असं म्हणायचा न्हवं तुम्ही? म्हणून ऑनलाइन स्कॅनर मागवलो. स्टिअरिंगच्या खाली खुपसायचं, मोबाईलवर बिघाडाचा कोड येतोय. आला! कॅमशाफ्ट सेन्सरचा सिग्नल मधनंच तुटतोय म्हणे. मी लई खूश. सेन्सर नवा बसवलो, कोड पुसलो, दिवा गेला. वडगावला सुताच्या गठड्या टाकून आलो, दिवा न्हाय. निपाणीपर्यंत जाऊन आलो, हायवे गुळगुळीत, दिवा गप्प. आणि जांबोटीला तांदूळ आणायला गेलो तर पहिल्याच खड्ड्याला हजर! मी पुसायचं, त्यानं लागायचं, असं तीन आठवडे चाललं. (खरं सांगू? गाडीत बसलो की पहिला त्यालाच बघतोय. घरात बोलायला दुसरं हाय कोण.)

मग गाडी आण्णाप्पा मेस्त्रीकडं नेलो. त्यानं बॉनेट उघडलं, गाडीला कन्नडात कायतरी बोलला आणि मला मराठीत. “दिवा कशाला बघतोस रं? रस्ता बघ की!” म्हटला आणि दिव्यावर काळी टेप चिकटवून दिली. मी घराकडं येऊन टेप काढलो. ते बघून शेजारच्या जयाबाई कंपाउंडवर आल्या. “खंडेनवमीला गाडीची पूजा कोण केलं?” मीच म्हटलो. “एकट्यानं?” व्हय म्हटलो. “मग लागणारच की दिवा,” म्हटल्या आणि लिंबू देऊन गेल्या. (ते लिंबू मी सरबत करून पिलो. देवाला सांगू नकोस.)

मामा, आता तुम्हीच सांगा. ही गाडी तुम्ही चौदा वर्षं चालवलासा. तिला तुमचा हात म्हायती हाय, माझा अजून न्हाय. फोनवर तुम्ही “रेस दे, आवाज ऐकव” म्हणता, मी मोबाईल इंजिनाजवळ धरून उभा ऱ्हातोय, तुम्ही तिकडनं “हं... हं...” करता, तासभर कसा जातोय कळत न्हाय. नुसतं कसं हाय विचारायला फोन केलो की मात्र “बरं हाय न्हवं? ठेवतो” म्हणता. महिन्याभरासाठी म्हणून लेकीकडं गेलासा, आता चौथा महिना लागला. माझा अंदाज असा, की तुम्ही स्वतः येऊन बॉनेट उघडल्याशिवाय हा दिवा जाणार न्हाय. हे मी म्हणत न्हाय, स्कॅनर म्हणतोय.

तुमचा आणि गाडीचा,
सौरव

ता.क. येताना मामीला पण आणा. एवढा भात मी एकटा कुठवर खाऊ?

ता.क. दुसरं. (आक्का, हे सगळं कंसात हाय. मामाला एक अक्षर वाचू नकोस. दिवा गेला. नऊ दिवस झाले. काल फोनवर मी खोटं बोललो. जयाबाईंनी पूजेचं काढलं तेव्हा आठवलं. दरवर्षी खंडेनवमीला मामा इंजिन धुणार, मी पाइप धरणार. यंदा धुणारा पण मीच, पाइपवाला पण मीच. सेन्सरच्या वायरीच्या जोडावर दुधाची जुनी पिशवी रबरानं बांधलेली दिसली. म्हटलो, मामा कचरा पण सोडत न्हाईत. काढून टाकलो आणि वरनं फवारा मारलो. मग तो जोड उघडलो तर आतल्या पिना हिरव्यागार! पाणी शिरलेलं. पिना घासलो, नवी पिशवी बांधलो, जांबोटीचे सगळे खड्डे मुद्दाम घेतलो, पण दिवा काय लागला न्हाय. घरला येईस्तोवर मी त्याच्याकडंच बघूलालतो.

खरं कळलं तर मामा “शाबास रं” म्हणतील आणि फोन ठेवतील. म्हणून विचारतोय आक्का, ती पिशवी परत काढून ठेवू काय गं? तुला काय वाटतं?)