दुसरी घागर

आखाजी, संध्याकाळ

गेलेल्यांच्या नावानं आज अक्षय्य तृतीयेला पुन्हा दोन घागरी काठोकाठ भरल्या. एक वडिलांची, दुसरी चोपड्याच्या दगडूची. सूनबाईनं दुसरीवरही सांजोरी ठेवली आणि म्हणाली, "दोस्तसाठे इतलं कोन करस, आबा?"  

एकाहत्तरची लढाई. एका शहरातला पूल ताब्यात घ्यायचा होता आणि आमची पलटण अलीकडच्या टोकाला अडकली होती. दगडूच्या पोटात गोळी लागली. खाली नदी वाहत होती, पण एवढ्या गोळीबारात तिथवर उतरणार कोण? "भाऊ, पानी दे," तो म्हणाला. पोटात गोळी लागलेल्याला पाणी देऊ नये म्हणून दिलं नाही, असंच मी घरात सांगत आलो. त्याच्या आईलाही तेच सांगितलं.

पण हा नियम मला नंतर, लष्कराच्या दवाखान्यात कळला. तेव्हा मी त्याला एवढंच म्हणालो होतो, की बाटली रिकामी आहे. ती अर्धी भरलेली होती. अजून किती वेळ अडकून पडू, कुणास ठाऊक, असं मनात आलं होतं.

तासाभरात पूल आमचा झाला. दगडू तेव्हा नव्हता. मी पुलाच्या मधोमध बसलो आणि बाटली संपवली.